ऐकण्याची परीक्षा

आमच्या महाविद्यालयांत समुपदेशन-कौशल्यांचा एक छोटासा अभ्यासक्रम आहे. एका सत्राचा, दोन श्रेयांकांचा आणि पन्नास गुणांचा; त्यांतले पंचवीस गुण लेखी परीक्षेचे व पंचवीस प्रात्यक्षिकाचे. तो शिकविण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें माझ्याकडे आहे. एका जुन्या स्नेह्यानें मागें मला विचारलें, "म्हणजे दुसऱ्याचं दुःख ऐकून कसं घ्यावं हें तुम्ही मुलांना शिकवतां, आणि त्याला मार्क देतां?" प्रश्न थट्टेचा होता. मीहि हंसलों. पण घरीं येतांना वाटेंत माझ्या लक्षांत आलें कीं, माझ्या कामाचें याहून अचूक वर्णन मला स्वतःलाहि करतां आलें नसतें. आणि अचूक असूनहि तें ऐकतांना मला थोडी शरम वाटली होती. ती शरम कशाची, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख लिहीत आहें.

पहिल्या तासाला मी फळ्यावर 'समुपदेशन' हा शब्द लिहितों आणि त्यांतील 'उपदेश' एवढ्याच भागाखालीं रेघ ओढतों. ज्या विद्येचा पहिला नियम 'उपदेश करूं नका' असा, तिचें नांवच आपण उपदेशावरून पाडलें आहे! आणि जो मनुष्य आपलें गाऱ्हाणें घेऊन येतो त्याला आमच्या पाठ्यपुस्तकांत म्हणतात 'सल्लार्थी'. म्हणजे तो सल्लाच मागायला आला आहे असें त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच आम्ही ठरवून टाकलेलें. हा परिभाषा करणारांचा दोष आहे असें मला वाटत नाहीं. भाषेनें येथें आपल्या स्वभावाची खरी साक्ष दिली आहे. कोणाचा मुलगा नापास होवो, कोणाची नोकरी जावो, कोणाच्या मुलीचें ठरलेलें लग्न मोडो; समाचाराला आलेला प्रत्येकजण चहाचा कप खालीं ठेवण्याच्या आंत एक तरी उपाय सुचवितो, आणि उपाय सुचविला कीं आपलें कर्तव्य संपलें अशा समाधानानें चपला पायांत घालतो. "आमच्या शेजारच्यांचंहि असंच झालं होतं" हें वाक्य ज्यानें आपल्या संकटकाळीं ऐकलेलें नाहीं असा मराठी मनुष्य विरळा.

माझीं मुलेंहि अशाच घरांतून येतात. पहिल्या सरावाच्या वेळीं मी त्यांना एवढेंच सांगतों कीं, पांच मिनिटें समोरच्याचें ऐका, मधें सल्ला देऊं नका. बहुतेकांना एक मिनिटहि दम निघत नाहीं. ही मुलें उथळ नाहींत, कीं निष्ठुरहि नाहींत. दुसऱ्याचें दुःख उघडें पडलेलें पाहवत नाहीं म्हणून त्यावर कांहीं तरी झांकण घालण्याची त्यांना घाई होते, आणि सल्ला हें सर्वांत हातापाशीं असलेलें झांकण. 'कृष्ण हा जगांतला पहिला समुपदेशक' असें वाक्य दर वर्षीं दहा-बारा उत्तरपत्रिकांत मला भेटतें. मी त्याखालीं शेरा लिहितों कीं, तसें म्हणावयाचें असेल तर त्याचें कारण दुसऱ्या अध्यायापासून पुढें शोधूं नका, पहिल्या अध्यायांत शोधा. तेथें अर्जुन बोलत आहे, त्याचीं गात्रें गळत आहेत, धनुष्य हातांतून निसटत आहे. आणि जो पुढें शेंकडों श्लोक बोलणार आहे तो कृष्ण त्या साऱ्या अध्यायांत एखादें वाक्य काय तें बोलतो. शिवाय अठराव्या अध्यायांत, सर्व सांगून झाल्यावर, 'याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसें कर' असें तो सांगतो तेंहि विसरूं नका. मधला भाग मात्र उपदेशच आहे, आणि तो देण्याला जो अधिकार लागतो तो आमच्या दोन श्रेयांकांनीं प्राप्त होत नाहीं.

सल्ला देण्याची ही वृत्ति केवळ आपलीच आहे असें नव्हे. या विद्येचा आधुनिक आरंभ सामान्यतः जेथून मोजतात, ती फ्रँक पार्सन्स यानें १९०८ सालीं बॉस्टन येथें काढलेली कचेरी तरुणांना व्यवसायाची निवड कशी करावी हें सांगण्यासाठींच होती. सल्ल्याला आसनावरून खालीं उतरविलें तें कार्ल रॉजर्स यानें. हा गृहस्थ प्रथम धर्मशास्त्राचा विद्यार्थी. तें सोडून तो मानसशास्त्राकडे वळला. ओहायो येथील विद्यापीठांत प्राध्यापक असतांना त्यानें १९४२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांत 'हर्बर्ट ब्रायन' या कल्पित नांवाआड लपविलेल्या एका मनुष्याच्या आठ मुलाखती शब्दशः छापल्या. ध्वनिमुद्रणाच्या तबकड्यांवर त्या उतरून घेतलेल्या होत्या. ही गोष्ट आज साधी वाटेल. पण तोंवर ती खोली एखाद्या गाभाऱ्यासारखी बंद असे. आंत काय झालें तें आंतल्या वैद्यानें सांगावें आणि बाहेरच्यांनीं मानावें. रॉजर्सनें दार उघडलें. समुपदेशकाच्या कोणत्या वाक्यानें बोलणारा मोकळा झाला आणि कोणत्या वाक्यानें त्यानें तोंड मिटलें हें आतां कोणासहि तपासून पाहतां येऊं लागलें. जी गोष्ट तपासतां येते ती शिकवितां येते, आणि जी शिकवितां येते तिची परीक्षा घेतां येते. माझ्या पंचवीस गुणांचा उगम त्या तबकड्यांत आहे.

पुढें १९५७ सालीं रॉजर्सनें एका निबंधांत असें मांडलें कीं, समोरच्याचें जग त्याच्या जागीं बसून समजून घेणें, कसलीहि अट न घालतां त्याचा आदर करणें, आणि स्वतः त्याच्याशीं खोटें न वागणें, या वृत्ति समुपदेशकाच्या ठायीं असतील आणि समोरच्याला त्यांची थोडी तरी जाणीव होईल, तर मनुष्यांत पालट घडून येतो. येथें विद्या कोठेंच नाहीं, सारा स्वभावच आहे. परंतु स्वभावाचा अभ्यासक्रम आंखतां येत नाहीं. म्हणून पुढच्याच दशकांत ॲलन आयव्ही याच्यासारख्या शिक्षकांनीं त्या स्वभावाचे बाहेरून दिसतील असे बारीक तुकडे पाडले. माझा गुणांकनाचा तक्ता त्याच वंशांतला आहे: बसण्याची ढब व नजर, पांच, मोकळे प्रश्न, पांच, ऐकलेलें आपल्या शब्दांत परत सांगणें, पांच, भावनेला नांव देणें, पांच, समारोप, पांच.

या तक्त्याकडे पाहून मला नेहमीं एका यंत्राची आठवण होते. जोसेफ वायझेनबाउम या संगणकशास्त्रज्ञानें १९६६ सालीं अमेरिकेंत 'एलायझा' नांवाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. शॉच्या ज्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनीं 'ती फुलराणी' रचलें त्यांतील नायिकेचें हें नांव. कारण या एलायझेचें बोलणेंहि शिकवून सुधारतां येत असे. मनुष्यानें टंकलिखित केलेलें वाक्य ती फिरवून प्रश्नाच्या रूपानें परत करी. रॉजर्सपंथी समुपदेशकाचें तें विडंबनच होतें. तिला कांहींहि समजत नसे. असें असतां, जिनें हें यंत्र घडतांना महिनोन् महिने पाहिलें होतें ती वायझेनबाउमची स्वतःची लेखनिका त्याच्याशीं बोलूं लागली, आणि दोन-चार वाक्यें होतात न होतात तोंच तिनें त्याला खोलीबाहेर जाण्यास सांगितलें. वायझेनबाउम या अनुभवानें इतका हादरला कीं, १९७६ सालीं त्यानें यंत्राला कोणतीं कामें सोंपवूं नयेत यावर एक ग्रंथच लिहिला. आजचीं संभाषणयंत्रें तर एलायझेच्या कितीतरी पुढें गेलीं आहेत. माझ्या तक्त्यानें त्यांना गुण द्यावयाचे झाले तर नजरेचे पांच सोडून बाकीचे वीसच्या वीस मला द्यावे लागतील. माझ्या वर्गांत वीस गुण मिळविणारीं मुलें फार थोडीं असतात.

अशा वेळीं 'यंत्राला हृदय नसतें' असें म्हणून सुटका करून घेण्याची पद्धत आहे. मला ती मानवत नाहीं. हृदयासाठीं माझ्या तक्त्यांत रकाना नाहीं, आणि विद्यार्थ्याचें हृदय तरी मला कोठें दिसतें? मला एवढेंच सांगतां येईल कीं, यंत्राला गप्प बसण्याची किंमत पडत नाहीं. ज्या मुलीच्या जिभेवर सल्ला आला आहे, जिला स्वतःच्या बहिणीची हकीकत सांगण्याची अनिवार इच्छा झाली आहे, ती तें सारें गिळून समोरच्याचें वाक्य पुरें होऊं देते तेव्हां तिनें कांहीं तरी सोडलेलें असतें. हें सोडणें शिकवितां येतें असा माझा अनुभव आहे. एरवीं ज्यांचें मन फार चांगलें अशीं मुलें या अभ्यासावांचून काय करतात तेंहि मीं पाहिलें आहे. एक अत्यंत मायाळू मुलगी सरावांत समोरच्या मुलाचें पहिलें वाक्य ऐकून इतकी हळहळली कीं, पुढचीं आठ मिनिटें ती स्वतःच्या मावशीच्या आजाराविषयींच बोलत राहिली. ज्याचें ऐकावयाचें तो मुलगा शेवटीं तिचें सांत्वन करीत होता.

तेव्हां नुसतें चांगलें मन पुरत नाहीं, त्याला संवय लागते. आपल्याकडे अभिनवगुप्तानें सहृदयाचें जें लक्षण केलें आहे त्याचा मला या बाबतींत फार आधार वाटे. काव्याच्या सततच्या अभ्यासानें ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि म्हणून वर्ण्य विषयाशीं तन्मय होण्याची योग्यता ज्याला आली आहे तो सहृदय, असें तो म्हणतो. एक हजार वर्षांपूर्वींच्या या काश्मिरी पंडितानें सहृदयता ही केवळ जन्मजात देणगी न मानतां अभ्यासाचें फळ मानली, हें वर्गांत सांगतांना मला मोठा धीर येई. पण या आधारांतला उणेपणा मला कळला तो एका प्रात्यक्षिकांत. रसिक प्रेक्षकाची कोणी परीक्षा घेत नाहीं. आणि ज्याचें दुःख तो पाहतो तो नट पडदा पडल्यावर तोंड धुऊन घरीं जातो.

ती हकीकत अशी. सरावासाठीं मी तिघांचे गट करतों. एकानें सांगावें, दुसऱ्यानें ऐकावें, तिसऱ्यानें निरीक्षण टिपावें. सांगणारानें हलकीशी किंवा कल्पित अडचण आणावी, खरें मोठें दुःख आणूं नये, असें मी आरंभींच बजावतों. त्याला कारणें आहेत. समुपदेशकानें तोंडून काढावयाचें पहिलें वाक्य दिलाशाचें नसतें, तें सावधगिरीचें असतें: 'तुम्ही सांगाल तें मी कोणाला सांगणार नाहीं, पण कांहीं गोष्टी मला सांगाव्या लागतील.' प्रथम वर्षांतलीं कांहीं मुलें सतरा वर्षांचीं असतात. त्यांच्यापैकीं कोणावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळलें तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें तें पोलिसांना कळविणें ऐकणारावर बंधनकारक आहे, मग तें त्या मुलाला नको असलें तरीहि. हें वाक्य शिकविणें मला सर्वांत जड जातें. मुलें म्हणतात, असें आधींच सांगितलें तर कोण बोलेल? मी म्हणतों, न सांगतां बोलतें करणें ही फसवणूक आहे. तेव्हां वर्गांत कल्पित अडचणीच बऱ्या, असा माझा समज.

कांहीं वर्षांपूर्वीं प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला एका मुलीनें अशीच एक कल्पित म्हणून गोष्ट सांगितली. थोरला भाऊ वडिलांशीं भांडून घर सोडून गेला आहे, चार महिने त्याचा फोन नाहीं, आणि आई रोज रात्रीं त्याचें ताट वाढून ठेवते. ऐकणारा होता तो मराठवाड्यांतल्या एका लहान गांवाहून आलेला, अबोलसा मुलगा. त्याची नजर बहुतेक जमिनीकडेच होती. नजरेचे गुण मीं तेव्हांच कापले. ती थांबली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, आणि मग त्यानें विचारलें, "त्याला जेवणांत काय आवडायचं?"

माझ्या तक्त्याप्रमाणें हा प्रश्न चुकीचा होता. तो भावनेविषयीं नव्हता, तपशिलाविषयीं होता. शिवाय मोकळाहि नव्हता. मुलगी बोलण्यासाठीं तोंड उघडीत होती, इतक्यांत मीं हात वर केला. "माहिती विचारूं नका," मीं म्हटलें, "यामुळें तुम्हांला काय वाटतं, असं विचारा." त्यानें मुकाट्यानें तसें विचारलें. तिनें "वाईट वाटतं" असें सांगितलें. त्यानें तिच्या भावनेला नांव दिलें, समारोप केला, आणि दोघें उठलीं. मीं त्याला पंचवीसपैकीं नऊ गुण दिले. निरीक्षणाचा कागद मीं त्या दिवशीं वाचला नाहीं, नुसता फाईलला लावला. त्यावर तिसऱ्या मुलीनें लिहिलें होतें: 'सर बोलल्यावर तिनें ओढणी सारखी केली आणि खुर्ची थोडी मागें घेतली.'

महिन्याभरानें ती मुलगी रजेचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. भावाचा पत्ता लागला होता, आणि आईबरोबर तिला परगांवीं जावयाचें होतें. मीं तिच्याकडे पाहिलें. "हो सर," ती म्हणाली, "तें खरंच होतं." एवढेंच बोलून ती गेली. (तिचें शिक्षण कधींच पुरें झालें आहे. हा मजकूर तिनें वाचला असून तिच्या सांगण्यावरून मीं कांहीं तपशील बदलले आहेत.)

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मीं स्वतःशींच एक वाद घातला. मुलाचे गुण विद्यापीठाकडे गेले होते. ते बदलावयाचे तर कारणासहित अर्ज करावा लागला असता. कारण काय लिहावें? 'सांगणारीचें दुःख खरें असल्याचें मागाहून कळलें' असें लिहिलें तर तिनें विश्वासानें सांगितलेली गोष्ट कचेरींतल्या चार टेबलांवरून फिरली असती. तिची अनुमति मागावी, तर ज्याच्या हातांत तिचे स्वतःचे गुण आहेत अशा शिक्षकाला ती 'नको' कसें म्हणणार? एकाला न्याय द्यावयाचा तर दुसरीचा विश्वासघात होतो, असा हा पेंच आहे असें मीं ठरविलें. समुपदेशनाच्या नीतीवरील कोणत्याहि ग्रंथांत शोभेल असा तो पेंच होता, आणि त्यांत मला खोल कोठें तरी समाधानहि वाटत होतें.

तें समाधानच मला संशयास्पद वाटूं लागलें. समजा, ती गोष्ट खरोखरच कल्पित असती. तर त्या प्रश्नाचें मोल कमी झालें असतें काय? तिनें ताटाचा उल्लेख केला होता. तो ज्याच्या मनांत रुतला त्यानें ताटांत काय असतें तें विचारलें. हें कळण्याला तिचें रहस्य ठाऊक असण्याची मला मुळींच गरज नव्हती. मी त्या खोलींत नुसता ऐकत असतों तर तें मला त्याच क्षणीं कळलें असतें. पण मी ऐकत नव्हतों, मी गुण मोजीत होतों. उत्तराला निघालेल्या मुलीला मीं अडविलें आणि ज्यानें ऐकलें त्याला दुरुस्त केलें. तिचा विश्वास जपण्याच्या नांवाखालीं मी जपत होतों तें माझें चुकलेलें गुणांकन. 'परीक्षकाच्या दृष्टिदोषामुळें फेरतपासणी व्हावी' एवढें एक वाक्य कचेरीला पुरलें असतें. त्यांत ना ताट आलें असतें, ना भाऊ. तें मला दहा दिवस सुचलें नाहीं. सुचलें तेव्हां मुदत उलटून दोन दिवस झाले होते. ही मुदत मला आधीं ठाऊक नव्हती असें म्हणणें मला सोयीचें होईल.

रॉजर्सच्या वाट्याला याच्या उलट दुःख आलें. आपल्या पद्धतीचें 'भावना परत सांगण्याच्या' एका युक्तींत झालेलें रूपांतर पाहून तो इतका उद्विग्न झाला कीं, कित्येक वर्षें त्यानें त्या विषयावर बोलणेंच कमी केलें. मी भावनेचें प्रतिबिंब दाखवीत नसतों, मला बरोबर समजलें कीं नाहीं हें विचारून घेत असतों, असें त्यानें म्हातारपणीं, १९८६ सालीं, स्पष्ट केलें. मी त्याचे लेख दर वर्षीं वर्गांत शिकवितों. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मीं हात वर केला त्या सकाळींहि माझ्या पिशवींत त्यांपैकीं एक होता.

आतां तक्त्यांत मीं थोडा फेरफार केला आहे. समारोपाचे पांच गुण काढून ते 'समोरच्याच्याच शब्दांतला धागा उचलणें' याला दिले आहेत. मुलांनीं एका सत्रांतच त्याची युक्ति ओळखली. आतां समोरच्यानें कोणत्याहि वस्तूचें नांव घेतलें कीं, ऐकणारा तत्काळ तिच्याविषयीं प्रश्न विचारतो. परवां एकानें आजीच्या निधनाची गोष्ट सांगतांना ओघांत रिक्षाचा उल्लेख केला, तर दुसऱ्यानें ती कोणत्या रंगाची होती म्हणून विचारलें. मीं त्याला पांचांपैकीं दोन दिले, आणि दोन तरी कां दिले याचा अजून मला उलगडा झालेला नाहीं.

त्या मुलाला मात्र मीं सत्र संपतांना खोलींत बोलावलें होतें. मुलीविषयीं कांहीं न बोलतां मीं एवढेंच म्हटलें कीं, त्या दिवशीं त्यानें विचारलेला प्रश्न चांगला होता. तो त्याला कसा सुचला? तो गोंधळला. आपली कांहीं चूक निघत आहे असें त्याला वाटलें असावें. "सुचलं असं नाहीं, सर," तो म्हणाला, "ती ताटाचं म्हणाली, म्हणून विचारलं." मीं मान डोलावली. माझ्यापाशीं आणखी बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. तो दारापर्यंत गेला, तेथें थांबला, आणि तक्रारीचा लवलेशहि नसलेल्या, खरोखर माहिती हवी असलेल्या स्वरांत त्यानें विचारलें, "मग सर, नऊच कां दिले?"